तो संन्यासी नव्हता

चार दिवसांपूर्वी रात्री ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ बघितला. १९७१ चा ब्रिटिश पिक्चर, दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. बघून झाल्यावर झोप आलीच नाही, पहाटे उठून लाइट लावून बसले आणि मग गेले चार दिवस जेव्हा जेव्हा वेळ मिळाला तेव्हा त्या केसबद्दलच वाचत होते. आता लिहून काढल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही म्हणून लिहितेय. शेवट वगैरे सगळं सांगणार आहे, पण हा पिक्चर शेवट माहीत असूनही तेवढाच लागतो, किंबहुना माहीत असल्यामुळेच लागतो.

खरी घडलेली गोष्ट आहे. लंडनच्या नॉटिंग हिल भागात रिलिंग्टन प्लेस नावाची एक बंद गल्ली होती, टोकाला कारखान्याची भिंत, आणि त्या भिंतीला लागून शेवटचं घर म्हणजे १० नंबर. तीन मजले, तीन बिऱ्हाडं, संडास एकच आणि तोही बाहेर, मागे एवढंसं अंगण आणि कपडे धुवायची एक छोटी खोली. तळमजल्यावर जॉन रेजिनाल्ड ख्रिस्ती आणि त्याची बायको एथेल. १९४८ मध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला आला टिमथी इव्हान्स, वेल्समधून आलेला, व्हॅन चालवणारा पोरगा, त्याची बायको बेरिल, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना मुलगी झाली, जेराल्डिन. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये बेरिल आणि जेराल्डिन दोघींचा गळा आवळून खून झाला. मार्च १९५० मध्ये इव्हान्सला फाशी दिली. आणि तीन वर्षांनी कळलं की तळमजल्यावरचा ख्रिस्ती हा कित्येक बायकांचा खुनी आहे, आणि इव्हान्सच्या खटल्यात सरकारी बाजूचा मुख्य साक्षीदार हाच ख्रिस्ती होता.

पिक्चर सुरू होतो तो १९४४ पासून. युद्धाचे दिवस, ब्लॅकआउट, एक बाई ख्रिस्तीकडे सर्दी-खोकल्यावर औषध घ्यायला येते, तो तिला खुर्चीत बसवतो, चहा देतो, वाफ घ्यायला नळी हातात देतो, आणि त्या नळीतून गॅस सोडतो. नंतर तिला अंगणात पुरतो. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच खुनी कोण ते आपल्याला माहीत. सस्पेन्स संपला. मग पुढचा दीड तास आपण बघत काय बसतो? तर इतर कोणालाच ते कसं दिसत नाही, हे. बेरिल जिना चढून येते तेव्हा ओरडून सांगावंसं वाटतं की बाई गं, इथे खोली घेऊ नकोस.

ख्रिस्तीचं काम केलंय रिचर्ड ॲटनबरोने, हो तोच, ज्याने पुढे १९८२ मध्ये ‘गांधी’ काढला. ओळखू येत नाही. टक्कल, गोल चष्मा, आणि आवाज असा की माणूस कुजबुजतोय की काय. खऱ्या ख्रिस्तीचा आवाजही तसाच होता, पहिल्या महायुद्धात विषारी गॅस लागला होता म्हणून, असं तो सांगायचा. या आवाजाबद्दल मी इतकं बोलतेय कारण मला वाटतं सगळी केस या आवाजावर उभी आहे. हळू बोलणारा माणूस आपल्याला सभ्य वाटतो, शिकलेला वाटतो, त्याला मध्येच तोडायचं धाडस होत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो हंगामी पोलिसात होता, आणि गंमत नाही तर भयंकर गोष्ट अशी की चोरी आणि मारहाणीसाठी तो आधी तुरुंगात जाऊन आला होता, आणि भरती करताना कोणी ते तपासलंच नाही. अंगावर तो गणवेश असतानाच्या काळात त्याने पहिला खून केला.

आणि इव्हान्स? जॉन हर्टने केलाय, वय तेव्हा तिशीचं, आणि मला विचाराल तर पिक्चर त्याचा आहे. इव्हान्सला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. लहानपणी पायाच्या दुखण्याने शाळा बुडत गेली ती गेलीच. आणि तो थापाड्या होता, अख्ख्या ओळखीपाळखीत प्रसिद्ध होता त्यासाठी. पबमध्ये बसून आपण कोणीतरी मोठे आहोत अशा बाता मारायचा. दारू प्यायचा, बायकोशी कडाक्याची भांडणं व्हायची, शेजाऱ्यांना ऐकू जायची. पिक्चरने यातलं काहीच लपवलेलं नाही, आणि इथेच मला तो फार प्रामाणिक वाटला.

आपल्याकडे म्हण आहे ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. लहानपणापासून ऐकतोय. पण ही म्हण मला आता अर्धीच वाटायला लागलीय, कारण तिच्यात फाशी जाणारा संन्यासी असतो, त्याच्याबद्दल वाईट वाटणं सोपं असतं. इव्हान्स संन्यासी नव्हता. तो खोटं बोलणारा, चिडका, कच्च्या डोक्याचा पंचविशीतला पोरगा होता, आणि तरीही ज्या गोष्टीसाठी त्याला मारलं ती त्याने केली नव्हती. असा माणूस समोर आला की आपण आधीच मनात ठरवून टाकतो, याने केलंच असणार, आणि मग पुरावा त्या ठरवण्याच्या मागून येतो.

काय झालं ते थोडक्यात. बेरिलला पुन्हा दिवस गेले. पैसे नाहीत, घर एवढंसं, तिला ते मूल नको होतं. त्या वेळी ब्रिटनमध्ये गर्भपात हा गुन्हा होता, कायदा बदलला तो १९६७ मध्ये. ख्रिस्तीने सांगितलं की मला यातलं थोडंफार कळतं, मी करून देतो. पिक्चरमध्ये तो इव्हान्सला वैद्यकाचं पुस्तक दाखवतो आणि इव्हान्स त्यात बघत राहतो, वाचता येत नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून मान डोलावतो, तो सीन बघताना माझ्या पोटात गोळाच आला. ८ नोव्हेंबरला इव्हान्स कामावरून घरी आला तर बेरिल गेलेली. इव्हान्सच्या सांगण्याप्रमाणे ख्रिस्ती म्हणाला की गर्भपात करताना ती गेली, आता पोलिसांना कळलं तर आपण दोघंही अडकू, प्रेताचं मी बघतो, मुलीला एका चांगल्या जोडप्याकडे देतो, तू गाव सोड. आणि तो गेला. फर्निचर विकलं आणि वेल्समध्ये मर्थर टिडव्हिलला नातेवाइकांकडे जाऊन राहिला, सगळ्यांना थापा मारत की बेरिल सुट्टीवर गेलीय, इकडे गेलीय, तिकडे गेलीय.

३० नोव्हेंबरला तो स्वतःच्या पायाने पोलीस स्टेशनात गेला. कोणी धरून नेलं नव्हतं. आणि तिथेही पहिला जबाब खोटा दिला, कशासाठी तर ख्रिस्तीला वाचवायला! म्हणाला, मीच तिला मूल पाडायचं औषध आणून दिलं, त्यात ती गेली, मी तिला घरासमोरच्या गटारात टाकलं. लंडनच्या पोलिसांनी जाऊन बघितलं तर गटाराचं ते झाकण उचलायला तीन माणसं लागली, आणि आत काही नाही. मग दुसरा जबाब, त्यात ख्रिस्तीचं नाव घेतलं. पण तोवर तो खोटारडा ठरून चुकला होता. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतो, खोटं बोलू नये म्हणून. त्या गोष्टीत लांडगा शेवटी खरंच येतो, हे आपण विसरतो.

२ डिसेंबरला मागच्या कपडे धुवायच्या खोलीत दोन्ही प्रेतं सापडली, बेरिलचं आणि छोटीचं. इव्हान्सला लंडनला आणलं, दोघींचे कपडे समोर ठेवले. आपली मुलगी मेली हे त्याला तेव्हा कळलं, तोवर त्याला ती कोणाकडे तरी सुखरूप आहे असं वाटत होतं. आणि मग त्याने कबुली दिली, दोघींना मीच मारलं म्हणून, लांबलचक, तपशिलांसकट.

इथे लोक अडतात. मीही अडले असते. न केलेला खून कोण कबूल करेल?

मी शाळेत असताना एकदा प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला. आमच्या टेबलावर सात जणी होतो. कोणी फोडला मला खरंच माहीत नाही, आजपर्यंत माहीत नाही. बाईंनी मला उभं केलं आणि तीनदा विचारलं, तूच ना? तिसऱ्यांदा मी हो म्हणाले, कारण सगळा वर्ग बघत होता आणि मला फक्त खाली बसायचं होतं. पण मला आजही जे आठवून कसंतरी होतं ते पुढचं आहे. बाई म्हणाल्या, कसा फुटला? आणि मी सांगितलं! कोपर लागलं, स्टँडवरून घरंगळला, मी पकडायला गेले पण हातातून निसटला. सगळं रचलेलं, पण इतकं व्यवस्थित की थोड्या वेळाने मलाच ते दिसायला लागलं. मी बारा वर्षांची होते आणि पणाला लागला होता एक थर्मामीटर. तो माणूस रात्री पोलीस स्टेशनात, नुकतीच बायको-मुलगी गेलेली, वाचता येत नाही, त्याच्यासमोर कागद. कोर्टात त्याने सांगितलं की नाही बोललो तर मारतील अशी भीती वाटली, आणि मुलगी गेल्याचं कळल्यावर काही उरलंच नव्हतं. मला हे पटायला काहीच वेळ लागला नाही. त्याची केस पुढे खोदून काढणाऱ्यांनी दाखवलंय की कबुलीतले बरेच तपशील त्याला पोलिसांकडूनच कळलेले असणार.

आता तपास कसा झाला बघा. त्या दिवसांत घरात गवंडी-सुतारांचं काम चालू होतं, आणि त्या कामगारांनी पहिल्या जबाबात सांगितलं होतं की आम्ही ती मागची खोली वापरत होतो, तिथे प्रेत वगैरे काही नव्हतं. म्हणजे कबुलीतली तारीखवार हकीकत जुळत नव्हती. तर काय केलं, कामगारांना परत बोलावलं आणि त्यांचे जबाब बदलले. आणि अंगण! त्या टीचभर अंगणात ख्रिस्तीने आधीच दोन बायका पुरलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या मांडीचं हाड कुंपणाला टेकू म्हणून उघड्यावर उभं होतं. पोलीस त्या अंगणात फिरून गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे वळसासुद्धा नाही, कळशाला पाय लागता लागता राहिला.

खटला ११ जानेवारी १९५० ला ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टात, सुरू झाला आणि तीन दिवसांत संपला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे एका वेळी एकाच खुनाचा खटला, म्हणून तो चालला फक्त मुलीच्या खुनाचा. इव्हान्सचं म्हणणं एकच, ख्रिस्तीने केलं. सरकारी वकिलाने विचारलं की ख्रिस्ती का करेल, सांग बघू कारण, आणि याला सांगता येईना. कसं येणार? ख्रिस्तीच्या डोक्यात काय चालतं हे त्या घरात राहणाऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. दुसरीकडे ख्रिस्ती पिंजऱ्यात उभा, आजारी, हळू आवाजात, महायुद्धात जखमी झालेला माजी सैनिक, माजी पोलीस. बचावाच्या वकिलाने त्याचे जुने गुन्हे काढले, पण शेवटची शिक्षा १९३३ ची, आता सुधारलेला माणूस, असं त्याचंही पारडं जडच झालं. ज्युरीला सुमारे ४० मिनिटं लागली. शिक्षा ऐकवली तेव्हा कोर्टात रडला कोण, तर ख्रिस्ती.

९ मार्च १९५० ला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. पिक्चरमधला तो सीन मी परत बघू शकणार नाही. त्यात रडारड नाही, शेवटचं भाषण नाही, पार्श्वसंगीत तर अख्ख्या पिक्चरमध्येच फार कमी आहे. दार उघडतं, माणसं आत येतात, हात मागे बांधतात, पलीकडच्या खोलीत नेतात, डोक्यावर टोपी, खटका. सगळं काही सेकंदांत, एका दमात. इतकं पटकन कसं काय दाखवलं म्हणून वाचायला गेले तर कळलं की या सीनसाठी सल्लागार होता अल्बर्ट पियरपॉइंट, म्हणजे ज्याने खऱ्या इव्हान्सला फाशी दिली तोच जल्लाद. आणि १५ जुलै १९५३ ला त्याच तुरुंगात ख्रिस्तीलाही त्यानेच फाशी दिली. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

ख्रिस्ती सापडला तोही पोलिसांच्या हुशारीने नाही. १९५३ च्या मार्चमध्ये तो घर सोडून निघून गेला, आणि वरच्या भाडेकरूला त्याचं स्वयंपाकघर वापरायला मिळालं. तो भिंतीला रेडिओसाठी ब्रॅकेट ठोकायला गेला तर भिंत पोकळ लागली, वॉलपेपर फाडून बघितलं तर मागे कोनाडा आणि कोनाड्यात तीन बायकांची प्रेतं. मग अंगण खणलं. कोनाड्यातल्या तिघीही काही आठवड्यांपूर्वी मेलेल्या, म्हणजे इव्हान्स गेल्यानंतर तीन वर्षांनी. अटकेनंतर ख्रिस्तीने बेरिलचा खून आपणच केल्याचं सांगितलं. छोटीचा खून मात्र त्याने कधीच कबूल केला नाही.

मग तरी चूक कबूल करतील ना? नाही. घाईघाईने चौकशी नेमली, निष्कर्ष काढला की इव्हान्स दोषीच होता, म्हणजे एकाच छोट्या घरात, एकाच वेळी, गळा आवळून मारणारे दोन वेगवेगळे खुनी राहत होते असं मानायचं. १९६१ मध्ये पत्रकार लुडोविक केनेडीने या केसवर पुस्तक लिहिलं, पिक्चर त्यावरूनच आहे. १९६५-६६ मध्ये पुन्हा चौकशी झाली, तिचा निष्कर्ष तर अजून विचित्र, की बायकोला बहुधा त्याने मारलं असेल पण मुलीला नाही. आणि फाशी झाली होती ती मुलीसाठी! म्हणून १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये मरणोत्तर माफी मिळाली. बायकोच्या खुनाचा डाग निघायला पार २००३-०४ उजाडलं, तेव्हा कुठे सरकारने त्याच्या बहिणींना भरपाई दिली आणि कोर्टाने दोन्ही खून त्याने केले नव्हते असं मानलं, पण शिक्षा रद्द करायला कागदोपत्री केस परत उघडायची म्हणजे खर्च होईल, तो करण्यात अर्थ नाही, असं ठरलं. १९५० मध्ये ज्याने दया नाकारली त्या गृहमंत्र्याने, चूटर ईडने, पुढे उघडपणे सांगितलं की चूक झाली, आणि तो फाशीच्या विरोधात उभा राहिला. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी थांबली, त्यामागे ज्या केसेस होत्या त्यात ही एक मोठी.

एक गोष्ट मात्र मला खुपत राहिली, आणि ती लिहायलाच हवी. पिक्चरच्या सुरुवातीला सांगितलंय की ही सत्यकथा आहे आणि शक्य तिथे संवाद कागदपत्रांवरून घेतलेत. चित्रीकरणही त्याच गल्लीत झालं, गल्ली पाडायच्या अगदी थोडं आधी, त्यामुळे ते ओले जिने, ती भिंत, सगळं खरं आहे. पण बेरिल आणि ख्रिस्ती त्या खोलीत दोघंच असताना काय झालं, हे बघणारं कोणीच नव्हतं. त्यातली एक मेली आणि दुसरा अट्टल खोटारडा. तरी पिक्चर तो सीन दाखवतो, पूर्ण, जवळून, आणि आपण तो सत्य म्हणून गिळतो. डॉक्युड्रामाचा, म्हणजे खऱ्या घटनेवरच्या अशा नाट्यरूपाचा, हा धोकाच आहे, कॅमेरा साक्षीदारासारखा बोलतो आणि त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. ज्या ज्युरीने नीट बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला, तिच्यावर चिडून मी उठले, आणि मीही नीट रचलेल्या चित्रावरच विश्वास ठेवला होता. म्हणून तर चार दिवस वाचत बसले. वाचून मत तेच राहिलं, पण आता ते माझं आहे. तुम्ही बघणार असाल तर बघाच, पण नंतर वाचाही.

वाचताना सापडलेली एक गोष्ट सांगते आणि थांबते. निकालानंतर कोर्टाच्या बाहेर इव्हान्सच्या आईने ख्रिस्तीला गाठलं आणि सगळ्यांसमोर त्याला खुनी म्हणाली. तेव्हा एथेल, ख्रिस्तीची बायको, मध्ये पडली. माझ्या नवऱ्याला खुनी म्हणायचं नाही, तो चांगला माणूस आहे, असं तिने त्या आईला ठणकावून सांगितलं. १९५३ मध्ये पोलिसांनी त्या घरातल्या पुढच्या खोलीच्या फळ्या उचकटल्या, त्याखाली एथेल होती.